चूक आईची नाही, मग वर्ग आईचा का?

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांत एडीएचडीबद्दलची, म्हणजे मुलांचं लक्ष न टिकणं आणि अति चंचलपणा याबद्दलची, पत्रं इतकी होती की या वेळचं सदर त्यांनाच द्यायचं ठरवलं. नावं छापत नाही, गावं तेवढी ठेवली आहेत. नवीन वाचकांसाठी सांगते, मी सांगलीत विश्रामबागला बसते. आधी बावीस वर्षं प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. आता अशा मुलांबरोबर आणि त्यांच्या घरच्यांबरोबर काम करते. मी डॉक्टर नाही. निदान आणि औषध डॉक्टरांनी ठरवायचं. ते ठरल्यावर घरात आणि वर्गात जे उरतं, त्यात माझं आयुष्य गेलं आहे.

ताई, माझा मुलगा आठ वर्षांचा आहे, तिसरीत. वर्गात जागेवर बसत नाही, शेजारच्याची पट्टी ओढतो, वही अर्धी सोडतो. घरी एक काम तीनदा सांगितलं तरी होत नाही आणि चौथ्यांदा मी ओरडते. सासूबाई म्हणतात, तुझ्या माहेरचं वळण. जाऊबाईंनी गोड बंद करायला सांगितलं, ते दीड महिना बंद आहे. मिस्टर बेदाण्याच्या शेडवर असतात, सीझनमध्ये घरी यायला रात्र होते. सांगलीच्या डॉक्टरांनी दोनदा बोलावून, शाळेकडून फॉर्म भरून घेऊन एडीएचडी सांगितलं. औषधाचं नंतर बघू, आधी आठ आठवडे पालकांच्या वर्गाला या, म्हणाले. पालकांच्या म्हणजे माझ्याच. घरी कळल्यावर सगळे म्हणाले, बघ, डॉक्टरही तेच म्हणतात, शिकायची गरज तुलाच आहे. खरं सांगा, चूक माझी आहे का? नसेल तर वर्ग मला का?
एक आई, तासगाव

नाही, चूक तुमची नाही. हे आधी लिहून टाकते, कारण पुढचं सगळं वाचताना तुमच्या मनात हाच एक प्रश्न ठणकत राहील.

हे मी तुमची समजूत घालायला म्हणत नाही. हा प्रश्न संशोधकांनीही विचारलेला आहे. पन्नास वर्षांपूर्वी बऱ्याच जाणत्या लोकांना वाटायचं की आई सारखी हुकूम सोडते, रागावते, म्हणून मूल असं होतं. रसेल बार्कले आणि चार्ल्स कनिंगहॅम यांनी १९७९ साली याची सरळ परीक्षा घेतली. काही दिवस मुलाला एडीएचडीच्या औषधाची खरी गोळी, काही दिवस तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. कुठल्या दिवशी कुठली, हे आईला माहीत नव्हतं. मग आई-मुलाला एकत्र खेळायला आणि काम करायला बसवलं आणि दोघांचं वागणं टिपलं. खऱ्या गोळीच्या दिवसांत मूल जास्त ऐकायला लागलं, आणि त्याबरोबर आईचे हुकूम कमी झाले, तिचं बोलणं मऊ झालं. औषध पोटात गेलं मुलाच्या आणि वागणं बदललं आईचंही. आईच्या ओरडण्याने मूल असं झालं असतं, तर हे घडलं नसतं. तुम्ही चौथ्यांदा ओरडता ते तीनदा ऐकलं गेलं नाही म्हणून.

सासूबाईंच्या बोलण्याबद्दल. एडीएचडीमध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. जुळ्या मुलांच्या अभ्यासांतून तो शेकडा ७० ते ८० निघतो, म्हणजे जवळजवळ उंचीएवढा. पण म्हणून कुणाच्या घराण्याकडून आलं याचा हिशेब मांडायला बसू नका. तो दोन्हीकडून येऊ शकतो, त्यात एक जनुक नाही, पुष्कळ आहेत. तुमच्या यजमानांना एकदा निवांत विचारा, ते तिसरीत कसे होते. पुष्कळ वडील माझ्यासमोर बसून आधी मुलाची तक्रार सांगतात आणि दहा मिनिटांनी हळूच म्हणतात, मीपण असाच होतो.

गोड सुरू करा. १९९५ साली त्याआधीचे साखरेवरचे प्रयोग एकत्र करून पाहिले, तेव्हा साखरेने मुलांचं वागणं बदलतं असं काही सापडलं नाही. त्याच्या एक वर्ष आधीचा प्रयोग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पाच ते सात वर्षांचे मुलगे, आणि 'आमच्याला साखर बाधते' असं मानणाऱ्या त्यांच्या आया. सगळ्या मुलांना बिनसाखरेचं पेय दिलं, पण निम्म्या आयांना सांगितलं की यात भरपूर साखर होती. त्या आयांना आपली मुलं जास्त चंचल वाटली. एवढंच नाही, त्या मुलांच्या जास्त जवळ जवळ राहिल्या आणि जास्त टोकत राहिल्या. आपण काय मानून बसलोय, त्यावर आपली नजर आणि आपला हात दोन्ही चालतात. दात, वजन यासाठी साखर जपून द्या, ते वेगळं. पण आठ वर्षांच्या पोराच्या ताटातली गुळाची पोळी एडीएचडीसाठी काढून घेऊ नका.

आता वर्ग तुम्हालाच का, याकडे येते.

अशा वर्गांना पालक प्रशिक्षण म्हणतात. नाव मला कधीच आवडलं नाही, त्यातच आईला कमीपणा येतो. ब्रिटनच्या एडीएचडीवरच्या २०१८ च्या मार्गदर्शिकेत पाच वर्षांपुढच्या मुलांसाठीसुद्धा पालकांना गटात आधार द्या, आणि त्यानंतरही अडचण मोठीच राहिली तर औषधाचा विचार करा, असं आहे. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ सहा वर्षांपुढे औषध आणि वागणुकीचे उपाय बरोबरच सुचवतात. तुमच्या डॉक्टरांनी पहिली वाट धरली आहे, ती रीतसर आहे.

पण या वर्गातून काय मिळतं आणि काय मिळत नाही, हे तुम्हाला कुणी स्पष्ट सांगितलं नसेल, ते मी सांगते. २०१३ साली युरोपातल्या संशोधकांनी असे बरेच प्रयोग एकत्र तपासले. ज्या पालकांनी वर्ग केला होता त्यांना विचारलं तर ते म्हणायचे, मुलाची एकाग्रता सुधारली. पण कोणाला उपचार मिळाला हे ज्याला माहीत नाही अशा माणसाने मोजलं, तर एकाग्रतेतला तो फरक जवळजवळ दिसेनासा व्हायचा. पुढच्याच वर्षी त्याच गटाने दुसरी बाजू तपासली. पालकांचं वागणं बदलतं का? मुलाचं उलट बोलणं, हट्ट, आदळआपट कमी होते का? तिथे मात्र त्रयस्थाच्या मोजमापातही फरक टिकला.

म्हणजे हा वर्ग करून तुमच्या मुलाचं लक्ष एकाएकी लागायला लागेल, अशी आशा धरून जाऊ नका. घरातली रोजची लढाई कमी व्हावी म्हणून जा. माझ्या मते तेच आधी हवं असतं. माझ्याकडे येणारी घरं लक्ष लागत नाही म्हणून मोडकळीला आलेली नसतात. संध्याकाळी सात ते दहा जे चालतं त्याने मोडकळीला आलेली असतात.

अमेरिकेत १९९९ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. सात ते नऊ वर्षांची ५७९ मुलं, चौदा महिने, चार गट. औषध आणि वागणुकीचे उपाय दोन्ही मिळालेल्या मुलांमध्ये पुढे एक गोष्ट दिसली. ज्या घरांत रागावणं, धमक्या, आज एक उद्या दुसरं असं वागणं सगळ्यात जास्त कमी झालं, त्या मुलांचं शाळेतलं दंगा करणं वर्गातल्या इतर मुलांइतकं खाली आलं. शाळेतलं, बरं का. बदल घरात झाला आणि तो शिक्षकांना दिसला. वर्ग तुम्हाला आहे तो याचसाठी. मुलाच्या दिवसाचे सगळ्यात जास्त तास ज्याच्या हातात आहेत, त्याच्याकडे हे काम येतं. पायाला प्लास्टर घातलेल्या मुलाला कसं उचलायचं हे नर्स आईला दाखवते, तेव्हा पाय आईने मोडला असं कुणी म्हणत नाही.

वर्गात काय शिकवतात त्यातलं एक इथेच दाखवते. आपण म्हणतो, "दप्तर जागेवर ठेव, हातपाय धू आणि आजीला पाणी नेऊन दे." तुमचा मुलगा दप्तर उचलतो. दप्तराच्या बंदाला सुटा दोरा दिसतो. तो दोरा ओढत उभा राहतो. दोन मिनिटांनी तुम्ही स्वयंपाकघरातून ओरडता, "अजून तिथेच?" आणि त्याला खरंच कळत नाही की तो तिथे का आहे. ऐकलं नाही असं नाही, ऐकलेलं धरून ठेवता आलं नाही. म्हणून गॅस बारीक करा, त्याच्याजवळ जा, खांद्यावर हात ठेवा, त्याने बघितलं की एकच वाक्य बोला, "दप्तर खुंटीला." आणि तिथेच पाच सेकंद थांबा. ठेवलं की लगेच म्हणा, "सांगितल्या सांगितल्या ठेवलंस." नुसतं 'शहाणा' म्हणू नका, काय केलं ते म्हणा. मग दुसरं वाक्य. दिवसातून पन्नास वेळा हे जमणार नाही, माहीत आहे. तीन वेळा जमवा, ठरलेल्या तीन वेळा.

दुसरं आमच्या घरातलं. माझा मुलगा असाच आहे. आज तो तिशीत आहे, ट्रॅक्टरच्या वर्कशॉपमध्ये काम करतो आणि अजूनही गाडीची किल्ली दर दोन दिवसांनी शोधतो. तो दुसरीत असताना शाळेने मला बोलावून सांगितलं होतं, याला दुसरीकडे घाला. त्या दिवशी घरी येऊन मी त्याला फुटपट्टीने मारलं. पोटरीवरचा वळ मी रात्री तेल लावताना पाहिला. शिक्षिका असून मला तेव्हा एडीएचडी हा शब्द माहीत नव्हता. पुढे मिरजेच्या एका डॉक्टरांनी सांगितलं की या मुलांना शनिवारी मिळणारं बक्षीस उपयोगाचं नाही, शनिवार त्यांच्यासाठी फार लांब असतो. जे द्यायचं ते आत्ता, डोळ्यांसमोर. आमच्या सासूबाईंनी खेळायच्या पटासाठी चिंचोके जपून ठेवले होते. मी एक स्टीलची वाटी ओट्यावर ठेवली. सांगितलेलं एक काम झालं की एक चिंचोका, तो त्याने स्वतः टाकायचा. स्टीलवर चिंचोका पडला की टण्ण आवाज व्हायचा आणि पोराचा चेहरा उजळायचा. रात्री वाटी बरणीत रिकामी करायची. दहा झाले की वडिलांबरोबर सायकलवर आयर्विन पुलापर्यंत चक्कर. एकच नियम कडक होता, मिळालेला चिंचोका कुठल्याही चुकीसाठी परत काढून घ्यायचा नाही. २००५ च्या पुरात आम्ही माधवनगरला नणंदेकडे गेलो, तेव्हा त्याने दप्तराआधी ती बरणी पिशवीत घातली होती.

मुलाच्या वयाकडे जरा वेगळं बघा. २००७ साली अमेरिकेत एडीएचडी असलेल्या २२३ आणि नसलेल्या तेवढ्याच मुलांच्या मेंदूची चित्रं घेऊन बाहेरच्या थराची जाडी मोजली. इतर मुलांत साधारण साडेसात वर्षांना येणारा वाढीचा टप्पा एडीएचडीच्या मुलांत साडेदहाला आला होता. सगळ्यात जास्त उशीर कपाळामागच्या भागांत होता, थांबणं, ठरवणं, आवरणं जिथून चालतं तिथे. हातपाय हलवणारा भाग मात्र किंचित आधीच तयार झाला होता. तुमच्या घरातला धिंगाणा आठवून हे वाक्य पुन्हा वाचा. वाढ थांबलेली नाही, उशिरा चालली आहे. स्वतःला आवरण्यापुरतं त्याचं वय एक तृतीयांश कमी धरा, असा ढोबळ हिशेब बार्कले सांगतात. गणिताला आठ वर्षांचा, पण पाहुण्यांसमोर गप्प बसायला साडेपाचचा.

आणि यजमानांना वर्गाला न्या. बापांना यायला वेळ नसतो हे जगभरचं रडगाणं आहे. ग्रेगरी फॅबियानो या संशोधकाने त्यावर एक तोड काढली. वर्गाचा निम्मा वेळ बापांनी बसून शिकायचं आणि उरलेला वेळ मैदानावर मुलांबरोबर फुटबॉल खेळताना तेच वापरायचं. २००९ सालच्या त्यांच्या अभ्यासात, नुसत्या बसून शिकण्याच्या वर्गापेक्षा या वर्गाचे बाप जास्त टिकले आणि घरी करायला दिलेलंही जास्त करून आले. तुमच्या डॉक्टरांना विचारा, शेडचं काम नसतं अशा वारी निदान दोन बैठका होतील का. सासूबाईंनाही एकदा न्या. तुम्ही पाटाला वळण लावायचं आणि आजीने मागून पाणी सोडायचं, असं झालं तर आठ आठवडे वाया जातील. तुम्ही सांगून पटणार नाही, डॉक्टरांनी सांगितलं तर पटेल. यात तुमचा काही पराभव नाही.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की रात्री झोप लागत नाही आणि कधी कधी नको वाटतं. ते मी इथे छापलं नाही, पण वाचलं आहे. १४४१६ हा मनाच्या त्रासासाठीचा, टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलता येतं. आज करा. मुलाच्या पुढच्या भेटीत डॉक्टरांनाही हे स्वतःबद्दल म्हणून सांगा.

ताईंना नमस्कार. नातू अकरा वर्षांचा. डॉक्टरांनी एडीएचडीसाठी मिथाइलफेनिडेट लिहून दिलं. चार मेडिकलमध्ये मिळालं नाही. पाचव्याने दोन प्रती असलेलं प्रिस्क्रिप्शन मागितलं आणि एक कागद ठेवून घेतला. आमच्या भाऊबंदांत चर्चा आहे की हे नशेचं औषध आहे, पोराला व्यसन लागेल. सुनेने गोळ्या कपाटात ठेवून दिल्या आहेत. काय करावे?
एक आजोबा, कऱ्हाड

काका, नमस्कार. दोन कागदांमुळे घाबरायला होणं साहजिक आहे. हे औषध आपल्याकडे औषध कायद्याच्या 'एक्स' अनुसूचीत आहे. ते विकायला दुकानाला वेगळा परवाना लागतो, चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत दुकानदाराला दोन वर्षं जपावी लागते. म्हणून चार दुकानांत मिळालं नाही. मोठ्या माणसांनी चुकीच्या कामाला वापरू नये यासाठी हा बंदोबस्त आहे. नातवाला दिलेली मात्रा म्हणजे नशा, असा त्याचा अर्थ नाही.

व्यसनाबद्दल. औषध घेतलेली आणि न घेतलेली मुलं मोठी होईपर्यंत पाहिलेले बरेच अभ्यास २०१३ साली एकत्र तपासले गेले. औषध घेतलेल्यांत पुढे दारू, तंबाखू, इतर नशा यांचा धोका वाढलेला दिसला नाही. कमी झालेलाही दिसला नाही, तेही सांगते. गोळ्या मात्र मोठ्या माणसाच्या ताब्यात, मोजून ठेवा.

वर तासगावच्या ताईंना सांगितलेल्या ५७९ मुलांच्या अभ्यासातलं एक तुमच्या कामाचं आहे. एकाग्रता आणि चंचलपणा यांवर नीट देखरेखीतलं औषध नुसत्या वागणुकीच्या उपायांपेक्षा सरस ठरलं. दोन्ही एकत्र मिळालेल्या मुलांना औषधाची मात्रा कमी पुरली. चौथ्या गटातल्या मुलांना आपापल्या गावच्या डॉक्टरांकडे सोडलं होतं. त्यांतल्याही बहुतेकांना औषध चालू होतं, तरी ती मागे राहिली. देखरेखीतल्या औषधाच्या गटात दर महिन्याला अर्धा तास भेट, शाळेकडून माहिती, मात्रेत फेरफार हे सगळं होतं, त्याचा हा फरक. तीन वर्षांनी पाहिलं तेव्हा चारही गट सारखेच दिसत होते. म्हणजे एकदा सुरू केलं आणि विसरलं असं हे औषध नाही. चिठ्ठी तीच ठेवून सहा-सहा महिने गोळ्या आणू नका, पोराला घेऊन जा.

भूक कमी होते, हा त्रास बहुतेक घरांत येतो. गोळीच्या आधी पोटभर न्याहारी द्या, भाकरी-दूध, थालीपीठ, जे आवडेल ते. शाळेचा डबा अर्धा परत आला तर रागावू नका. संध्याकाळी औषध उतरलं की भूक परत येते, तेव्हा जेवण तयार ठेवा. झोप उशिरा लागते का ते पाहा. दाराच्या चौकटीवर दर तीन महिन्यांनी पेन्सिलने उंची टिपा आणि वजन वहीत लिहा. रक्तदाब डॉक्टर बघतीलच. घराण्यात कुणी तरुण वयात हृदयाने अचानक गेलं असेल, तर ते पहिल्याच भेटीत सांगायचं. आणि हे औषध सोसलं नाही तर अ‍ॅटोमॉक्सेटिन आहे, ते एक्स अनुसूचीत नाही. त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात, आठ दिवसांत बंद करू नका.

कपाटात गोळ्या ठेवून सूनबाईंनी काही वाईट केलं नाही, घाबरून केलं. तुम्ही दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जा आणि ही सगळी भीती त्यांच्यासमोर बोला.

माझी मुलगी तेरा वर्षांची. दंगा नाही, उलट उत्तर नाही, पण डबा, कंपास, स्वेटर सगळं हरवते. पुस्तक उघडून तासभर एकाच पानावर असते. हेही एडीएचडी असू शकतं का?
वाई

असू शकतं. दंगा न करणारा एडीएचडी असतो आणि मुलींमध्ये तो उशिरा लक्षात येतो, कारण त्याने कुणाला त्रास होत नाही. निदानाला मुख्यतः हे बघतात: लक्षणं बारा वर्षांच्या आत दिसायला लागली का, सहा महिन्यांहून जास्त टिकली का, घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी आहेत का, आणि त्यांनी रोजचं जगणं अडतंय का. तिची पहिली-दुसरीची प्रगतिपुस्तकं काढा आणि शेरे वाचा. 'हुशार आहे पण लक्ष नाही' असं दरवर्षी असेल तर ती पुस्तकं घेऊन तज्ज्ञांकडे जा. त्याआधी डोळे, कान, झोप आणि रक्त तपासून घ्या. आणि तिच्या मनात काही सलतंय का, हे तिलाच एकटीला विचारा.

मी जिल्हा परिषद शाळेत दुसरीला शिकवतो. पट ३८. दोन मुलं मला एडीएचडीची वाटतात. पालकांना सांगू का? आणि एवढ्या पटात मी एकटा काय करू शकतो?
एक शिक्षक, जत तालुका

सर, नाव देऊ नका. जे दिसतं ते तारखेसह लिहा आणि तेच पालकांना वाचून दाखवा. "गणिताच्या तासाला वीस मिनिटांत सहा वेळा उठला" हे बापाला ऐकवतं. "तुमच्या मुलाला एडीएचडी आहे" म्हटलं की तो पोराला घेऊन उठून जातो.

पण त्याआधी जनरल रजिस्टर उघडून दोघांची जन्मतारीख बघा. अमेरिकेत ज्या राज्यांत १ सप्टेंबर ही प्रवेशाची सीमा आहे, तिथे ऑगस्टमध्ये जन्मलेली म्हणजे वर्गातली सगळ्यात लहान मुलं आणि सप्टेंबरमध्ये जन्मलेली म्हणजे सगळ्यात मोठी मुलं यांची २०१८ साली तुलना केली. लहानांत एडीएचडीचं निदान ३४ टक्के जास्त निघालं. आजार काही ऑगस्ट-सप्टेंबर बघून येत नाही. वर्गातलं सगळ्यात लहान पोर मोठ्यांच्या शेजारी चंचल दिसतं. आपल्या वर्गांतही सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठं यांत वर्षाचं अंतर असतं. तुमच्या दोघांतला एक जरी वयाने तळाशी असेल, तरी घाई करू नका.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. त्यांच्या तीस आजारांच्या यादीत एडीएचडी आहे. पण एका दिवसात ३८ मुलं तपासताना दात आणि डोळ्यांवरच वेळ संपतो. तुम्ही टिपणं हातात ठेवून डॉक्टरांना त्या दोन मुलांजवळ न्या. पुढे जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायची सोय त्याच कार्यक्रमात आहे, चिठ्ठी मागून घ्या. आणखी एक. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत एडीएचडीचं वेगळं नाव नाही, विशिष्ट अध्ययन अक्षमतेचं, म्हणजे वाचन, लेखन, गणित शिकण्यातल्या अडचणीचं आहे. अनेक मुलांत दोन्ही असतात. वाचन-लेखनात वर्गाच्या बरंच मागे असेल तर तीही तपासणी व्हायला हवी, कारण परीक्षेतल्या सवलती त्या तपासणीनंतरच्या दाखल्यावर मिळतात.

मी शिक्षिका असताना एका मुलाला अख्खी सहामाही वर्गाच्या दाराबाहेर बसवलं होतं. तो दारातून आत बघत पाढे म्हणायचा. त्याचं नाव, त्याचा आवाज मला अजून आठवतो. म्हणून तुमच्या 'एकटा काय करू' या प्रश्नाला मी हलकं उत्तर देणार नाही. ३८ पोरांत दोघांसाठी वेगळा पाठ काढा असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. एक कार्ड मात्र जमेल.

वहीच्या पुठ्ठ्याचा तळहाताएवढा तुकडा घ्या. त्यावर तीनच ओळी. 'प्रार्थनेनंतर दप्तरातून वही काढली.' 'गणिताची पहिली पाच उदाहरणं पूर्ण केली.' 'शेजाऱ्याच्या वस्तूला हात लावला नाही, मधल्या सुट्टीपर्यंत.' दंगा करू नये, शहाणं वागावं असलं काही लिहू नका. हो की नाही सांगता येईल, असंच लिहा. प्रत्येक तास संपला की तिथल्या तिथे खूण करा, दिवसाच्या शेवटी आठवून नाही. पहिल्या आठवड्यात ओळी इतक्या सोप्या ठेवा की चार वेळांतून तीनदा खूण मिळायलाच हवी. सगळ्या फुल्या पडलेलं कार्ड पोरगं रस्त्यातच फाडून टाकतं. कार्ड घरी जाईल, आई खुणा मोजेल आणि त्या संध्याकाळीच काहीतरी देईल. पैसे लागत नाहीत. आजोबांबरोबर शेळ्या घेऊन जायला मिळणं, विहिरीवर पोहायला मिळणं, चुलीत एक कणीस भाजायला मिळणं पुरतं. आईला वाचता येत नसेल तर शब्दांऐवजी चित्रं काढा, वही, पाच बोटं, दोन मुलं. दोन आठवडे नीट गेले की एक ओळ थोडी अवघड करा, एकच.

त्या मुलाला तुमच्या टेबलाजवळ पहिल्या रांगेत, खिडकी आणि दारापासून लांब बसवा. फळा पुसायचं, हजेरी कार्यालयात नेऊन द्यायचं काम त्यालाच द्या. त्याला हलायचंच आहे, तर कामासाठी हलू दे. कार्डाचं दोन आठवड्यांनी काय झालं ते मला कळवा, चाललं नाही तरी कळवा. ओळी बदलून बघू.